सध्या राहणारे

मंगळवार, ४ नोव्हेंबर

घरपट्टीचं बिल अजून आलेलं नाही. दर वर्षी ऑक्टोबर सरायच्या आत फाटकाच्या फटीत कोंबलेलं असतं, आणि ओढून काढताना त्याचा एक कोपरा हमखास फाटतो. यंदा गल्लीतल्या सगळ्यांना आलं, शेजारच्या कंडक्टरलाही आलं. (रिटायर होऊन दहा वर्षं झाली तरी त्याला सगळे कंडक्टरच म्हणतात, आणि तोही दारात चार माणसं दिसली की अजून "चला, पुढे सरका" म्हणतो.) फक्त मलाच नाही.

बत्तीस वर्षं हॉस्पिटलात काढली, त्यातली शेवटची अकरा मोठी सिस्टर म्हणून. ठरल्या वेळी येणारा कागद आला नाही, की कुठेतरी पाणी मुरतंय हे मला कुणी शिकवायला नको. म्हणून राजाला फोन लावला. चिरंजीव तिकडे लांब, नोकरीच्या गावी असतात, तीन वर्षं झाली. म्हणाला, "आई, तू कशाला डोकं शिणवतेस? ते बिल मी माझ्या पत्त्यावर वळवून घेतलंय."

बरं वाटलं. एवढ्या व्यापात पोराला माझ्या घरपट्टीची आठवण राहते. जुलैत माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हाही कसा धावत आला होता. दोनच दिवस होता, तेही हॉटेलात उतरला, घरात गर्दी नको म्हणून. आणि येताना घरपट्टीच्या सवलतीचे कागद घेऊन आला. घर बाईच्या नावावर असलं की सूट मिळते म्हणे. डोळ्यात थेंब घातलेले, समोर सगळं धुकं, तरी तीन सह्या ठोकून दिल्या.

सूनबाईला जेवताना सांगितलं, बिल राजाकडे गेलंय, काळजी नाही. तिचा घास हातातच राहिला. मग म्हणाली, "आई, एकदा ऑफिसात जाऊन विचारा ना. तुम्ही स्वतः जा." आता मला कामाला लावणार ही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

सकाळी कुंड्यांना पाणी घालत होते, तर कंडक्टर कठड्यावर कोपर टेकून म्हणाला, "वहिनी, ती नोटीस कसली होती?"

"कसली नोटीस?"

"परवा तुमच्या फाटकावर ऑफिसचा माणूस चिकटवून गेला नाही का? तुम्ही बाजारात गेला होता. संध्याकाळी सूनबाईंनी काढली. मला वाटलं तुम्हाला दाखवली असेल."

मला काही दाखवलेलं नाही. मी "हो हो, ती होय" म्हणून वेळ मारून नेली. शेजाऱ्यांना घरातल्या गोष्टी माझ्या आधी कळाव्यात याची लाज जास्त वाटली. त्यानंतर मात्र डोक्यात तिडीक गेली ती दिवसभर उतरली नाही.

ती कामाला गेल्यावर (कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये आहे, दिवसभर दुसऱ्यांचे दात घासून गुळगुळीत करते) मी तिच्या कपाटाचा खण उघडला. चांगलं नाही केलं, कबूल. नोटीस नव्हती. पण एक अर्जाची पोच मिळाली. घरपट्टी ऑफिसचा शिक्का, आपल्या घराचा उतारा मागितलेला, अर्जदार म्हणून तिचं नाव. खाली लाल शाईत 'अर्जदार मालक नाही, सबब नामंजूर'.

माझ्या घराचा उतारा हिला कशाला हवा? हे घर यांनी एकेक वीट मोजून घेतलं आणि जाताना माझ्या नावावर करून गेले. मी काय उद्या मरतेय?

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

ऑफिसात जाऊन आले. तिसरा मजला, लिफ्ट बंद, जिन्यात पाण्याचा नळ गळतोय. रेकॉर्डच्या खोलीत एक बाई बसते, पन्नाशीची, साखळी लावलेला चष्मा, समोर वह्यांचे गठ्ठे. घराचा नंबर सांगा म्हणाली. मी रुबाबात सांगितलं, दोनशे बारा. तिने वही काढून समोर ठेवली.

वाचलं. दुमजली, खाली दुकान, मालक कुणी भलताच, भोगवटादार म्हणजे राहणारे तिसरेच. मी म्हटलं, "अहो, हे घर विकून टाकलंय की काय कुणी?" तर ती बाई शांतपणे म्हणाली, "दोनशे बारा हा तुमचा जुना नंबर ना? सहा वर्षांपूर्वी सगळे नंबर बदलले. नवा सांगा." नवा मला पाठ नाही. जुन्या पावतीच्या मागे पेन्सिलीने लिहिलेला निघाला. १०४७.

मग तिने खरी वही काढली, आणि मी खुर्ची पुढे ओढून घेतली. तिने एकेक रकाना बोट ठेवून समजावला. मालक, मी. बांधकामाचं वर्ष, बरोबर. तीन खोल्या, व्हरांडा, मागे न्हाणीघर. वापर, राहण्यासाठी. सगळं जिथल्या तिथे. शेवटचा रकाना शेऱ्याचा. तिथे पेन्सिलीने लिहिलं होतं, 'नावबदल प्रस्तावित'.

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुमच्या जागी दुसऱ्याचं नाव लावायचा अर्ज आलाय. मंजूर होईपर्यंत पेन्सिल, झाला की शाई. म्हणून तुमचं बिल थांबलंय. फाटकावर नोटीस लावलीये की आम्ही. हरकत असेल तर सतरा तारखेपर्यंत, सुनावणी वीसला."

मी विचारलं, या वहीत नाव बदललं म्हणजे घर जातं का. ती म्हणाली, "घर नाही जात. हे नुसतं पट्टीचं पुस्तक. पण घेणारा पहिल्यांदा हेच पुस्तक बघतो. इथे नाव लागलं की पुढची दारं उघडत जातात."

अर्ज कुणाचा, ते तिने सांगितलं नाही. फाइल बघायला मालकाने ओळखपत्र जोडून मागणी करायची, मंगळवारी मिळेल. निघताना म्हणाली, "मंगळवारी एक बाई येऊन गेल्या, हाच नंबर विचारत. बिचाऱ्या खूप विनवत होत्या. पण मालक नाही तर मी काय करणार?"

बिचारी म्हणे. नोटीस लपवायची, उताऱ्यासाठी चकरा मारायच्या. आता माझी खात्रीच पटली. घास भरवून वाढवल्यासारखी वागवली हिला. माझ्या डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब घालायची तेव्हा मनात हे चाललं होतं का?

सोमवार, १० नोव्हेंबर

दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. चिमी, माझी नात, वय वर्षं नऊ, मला विचारते, "आजी, तुम्ही दोघी कट्टी आहात का?" तिला म्हटलं, मोठी माणसं कट्टी घेत नाहीत. ती म्हणाली, "मग काय घेतात?" या पोरीला उत्तर देणं सोपं नाही.

आज सकाळी न राहवून सूनबाईला तोंडावर विचारलं. नोटीस कुठे आहे? तिने पर्समधून काढून दिली, घडी करून ठेवलेली. ओशाळली नाही, उलट रडायलाच लागली.

"तुमची सही घेतली आहे त्यावर, आई. संमती म्हणून."

"कुणी घेतली?"

"माझ्या तोंडून नको. मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल मीच विष कालवते. फाइल स्वतः वाचा. मी म्हणूनच तुम्हाला जा जा म्हणत होते."

"मग नोटीस का काढलीस?"

"फाटकावर सगळी गल्ली वाचणार होती. आधी तुम्ही वाचायला हवं होतं. मग तुमच्यापुढे ठेवायचा धीर होईना."

नाटक करायला कुणी शिकवलं हिला? नोटीस वाचली. त्यात अर्जदाराचं नाव नाही, फक्त नंबर आणि तारखा.

दुपारी राजाला फोन केला, सगळं सांगितलं. तो एकदम म्हणाला, "तू ऑफिसात गेलीस? कशाला? ते लोक तुला गोंधळात टाकतील. हे बघ, वीस तारीख जाऊ दे, मग मी येऊन नीट समजावतो." मग जरा थांबून, "तिने काय काय सांगितलं तुला?"

मी म्हटलं, काही नाही. हायसं वाटलं त्याला, आवाजावरूनच कळलं. आईला कुणी नादी लावू नये याची पोराला किती धास्ती.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

अर्ज राजाचा आहे.

दोन वेळा वाचला. अर्जदार, माझा मुलगा. सोबत संमतीपत्र, खाली माझी सही, तीन ठिकाणी. तिन्ही सह्या उताराला लागलेल्या. डोळ्यात थेंब होते ना. त्याचं बोट आठवलं, कागदावर टेकवलेलं. इथे, आई. आता इथे. आता इथे. मी ऑपरेशनच्या आधी पेशंटच्या नातेवाइकांकडून असंच बोट ठेवून सह्या घ्यायचे. पण मी आधी वाचून दाखवायचे. कितीही घाई असली तरी अख्खा कागद वाचून दाखवायचे, डॉक्टर दारात पाय आपटत असले तरी. आणि त्याने सूट मिळते असं सांगितलं.

रेकॉर्डवालीने पाणी दिलं. मी तिला म्हटलं, मुलाचाच अर्ज आहे, म्हणजे प्रश्नच मिटला. शेवटी सगळं त्याचंच आहे. तिने फाइल पुन्हा माझ्यापुढे सरकवली.

घरी येऊन शांतपणे विचार केला. राजाने वाईट काय केलं? माझ्यानंतर धावपळ नको म्हणून आधीच करून ठेवतोय. सरळ मागितलं असतं तरी दिलं असतं, पण त्याला संकोच वाटला असेल. सूनबाईवर उगाच संशय घेतला, त्याचं वाईट वाटतं. पण तिनेही राजाबद्दल असा चेहरा करायची गरज नव्हती.

दोन गोष्टी तेवढ्या खटकल्या. अर्जात सातवा रकाना आहे, 'सध्या राहणारे'. तिथे लिहिलंय, 'अर्जदाराची आई, तात्पुरती'. सूनबाईचं नाव नाही, चिमीचं नाही. घाईत राहिलं असेल. आणि तात्पुरती कशी? मग पुढच्या रकान्यात उलगडा झाला. 'जुन्या मालकाचा यापुढील पत्ता: सावली निवास, खोली क्रमांक १४, टेकडी रस्ता.' म्हणजे त्याने टेकडीवर नवं घर बघितलंय. पाच-सहा स्टॉपांवर तर आहे. तो परत येतोय. मला खोलीही ठरवून ठेवली आहे, आणि येड्याने सांगितलं नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

राहवेना म्हणून त्याला फोन केला. फाइल बघितल्याचं सांगितलं. तो आधी एवढंच म्हणाला, "सगळी बघितलीस?" मग मी म्हटलं, "अरे, मी रागावले नाहीये. टेकडीवरचं घर कसं आहे ते सांग." तेव्हा त्याला सुटका झाल्यासारखं वाटलं. म्हणाला, "छान आहे, आई. बाग आहे. मोकळी हवा. तुला तिथे एकटं वाटणार नाही."

"आणि खोलीला खिडकी?"

"असणारच."

असणारच म्हणजे काय? बघितली नाही का त्याने? मी विचारलं, चिमीला तिथून शाळा लांब पडेल, तिची बस बदलावी लागेल. तो म्हणाला, ते बघू नंतर. सूनबाईचं विचारलं तर म्हणाला, "मीटिंग आहे, आई, ठेवतो."

संध्याकाळी सूनबाईला सांगितलं, राजा परत येतोय, टेकडी रस्त्याला घर घेतलंय. तिने पत्ता विचारला. मी सांगितला. तिने हातातला घडी केलेला टॉवेल उलगडला, पुन्हा घडी घातली. "उद्या मी रजा घेते," म्हणाली, "आपण दोघी बघून येऊ." मी म्हटलं, मला काय बस चढता येत नाही? जाईन एकटी.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

फाटकावर पाटी आहे. भेटण्याची वेळ दुपारी चार ते सहा.

व्हरांड्यात सात-आठ म्हातारी माणसं खुर्च्यांवर ओळीने बसलेली. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. मला वाटलं पत्ता चुकला, पुन्हा जुना नंबर नवा नंबर झालं. तेवढ्यात आतून एक सिस्टर आली आणि मला बघून थबकली. माझ्याच हाताखाली शिकलेली पोरगी, पहिल्या दिवशी रक्त बघून चक्कर येऊन पडली होती. आता तिलाही चष्मा लागलाय.

"मोठ्या सिस्टर, तुम्ही? कुणाला भेटायला आलात?"

मी म्हटलं, चौदा नंबरची खोली बघायची आहे.

तिने रजिस्टर बघितलं. बघता बघता तिचा चेहरा उतरला. मी रजिस्टर माझ्याकडे वळवून घेतलं, तिने अडवलं नाही. चौदा नंबर, पलंग दुसरा. माझं पूर्ण नाव. प्रवेश एक डिसेंबर. नातेवाईक, मुलगा. शेरा, 'पेशंट विसराळू, फिरायला एकटं सोडू नये'.

खोली बघितली. तीन पलंग. दुसरा भिंतीकडचा. खिडकी पहिल्या पलंगाला आहे.

ती पोरगी मला फाटकापर्यंत सोडायला आली, माझ्या कोपराला धरून. पेशंटला धरतात तसं. मी हात सोडवून घेतला.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज काही लिहायचं नव्हतं. पण सूनबाई दुपारी माझ्या खोलीत येऊन पलंगाच्या कडेवर बसली आणि बोलली, ते लिहून ठेवायला हवं.

सप्टेंबरमध्येच राजाने तिला फोनवर सांगितलं होतं, डिसेंबरच्या आत चिमीला घेऊन माहेरी जा, घर विकायचंय, आईच्या सह्या जुलैतच घेतल्यात. तिचं माहेर म्हणजे भावाच्या दोन खोल्या. ती ऑफिसात गेली, वकिलाकडे गेली. सगळ्यांनी एकच सांगितलं, मालकाशिवाय कोणाला हरकत घेता येणार नाही.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुम्ही विश्वास ठेवला असता?"

नसता ठेवला. मला तसं तोंडाने म्हणवेना, म्हणून नुसती मान हलवली. मग तिने विचारलं, "आई, आमचं तीन वर्षांपूर्वीच मोडलंय. तुम्हाला खरंच कळलं नव्हतं?"

कळलं होतं. तो आला की हॉटेलात उतरतो, तिच्याशी बोलताना चिमीला मधे घालतो, तिने गळ्यातलं काढून डब्यात ठेवलंय. मी आयुष्यभर चादरीवरून पेशंटचा ताप ओळखला, मला काय हे कळत नव्हतं? फक्त या वहीत लिहिलं नाही. लिहिलं की ते खरं होतं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

हरकत नोंदवली. शेवटचा दिवस, पाचला अर्धा तास असताना.

फॉर्मवर 'हरकतीचे कारण' म्हणून चार ओळी जागा आहे. मी त्या चार ओळींसमोर पाऊण तास बसले. रेकॉर्डवाली शेवटी उठून शेजारी येऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "हे बघा, सही तुमची नाही म्हणालात तर अर्ज तिथल्या तिथे रद्द. पण मग खोटी सही केल्याचं प्रकरण होतं, ते पोलिसांकडे जातं. सही तुमची म्हणालात तर संमती धरली जाते. मधला एक रस्ता आहे. हुकूम व्हायच्या आधी संमती मागे घेता येते. पण ते तुम्हाला वीस तारखेला साहेबांपुढे तोंडाने सांगावं लागेल. अर्जदारही तिथे असेल."

मी लिहिलं, 'सही माझी आहे. न वाचता केली. संमती मागे घेत आहे.' मुलाने फसवलं असं लिहिलं नाही. मला लिहिता आलं नाही.

घरी पोचेपर्यंत राजाचा फोन. ऑफिसातून त्याला कळलंच होतं. आधी गोड बोलला, मग चढ्या आवाजात. "आई, मी बयाणा घेऊन बसलोय. घर दिलं नाही तर मी कुठे तोंड दाखवू? तुझ्या एका हट्टापायी मी रस्त्यावर येईन." मी विचारलं, कशासाठी घेतलास, कसली अडचण आहे, मला नीट सांग. तर म्हणाला, तुला नाही कळायचं. वीस तारखेला येऊ नकोस एवढंच कर. आली नाहीस तर हरकत आपोआप निकाली निघते.

म्हणजे मी घरी बसले तरी पुरे आहे. काही बोलायला नको, कोणाचं वाईट व्हायला नको. फक्त घरी बसायचं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

सूनबाई उद्याचं काही विचारत नाही. तिने सामानाचे दोन खोके मागच्या खोलीत आणून ठेवलेत, माझ्या नजरेस पडू नयेत असे. पडले.

मला काहीच ठरवता येत नाही. राजा सात महिन्यांचा जन्मला, तेव्हा मी त्याला छातीशी बांधून ड्यूटीवर गेले आहे. त्याच्यासमोर उभी राहून नाही कशी म्हणू? आणि नाही म्हटलं नाही, तर चिमीला काय सांगू?

गुरुवार, २० नोव्हेंबर

गेले. एकटी गेले. सूनबाईला येऊ दिलं नाही, ती तिथे दिसली असती तर राजा तिच्याच अंगावर गेला असता.

साहेब चाळिशीचे, टेबलावर फायलींच्या मधे चहाचा कप जेमतेम मावलेला. राजा आधीच येऊन बसला होता. वजन उतरलंय त्याचं. दाढी दोन दिवसांची. माझ्याकडे बघून हसला, लहानपणी प्रगतिपुस्तक मागे लपवून हसायचा तसा.

साहेबांनी संमतीपत्र माझ्यासमोर धरलं. "आजी, ही सही तुमची?"

"माझी. आणि आजी म्हणणारी घरी एक आहे. तुम्ही बाई म्हणा."

"वाचून केलीत?"

"नाही."

"कोणी जबरदस्ती केली? फसवलं?"

मी त्या तीन सह्यांकडे बघत राहिले. राजा पुढे सरकून म्हणाला, "साहेब, आईचं हल्ली थोडं... विसरते ती. आज एक बोलते, उद्या दुसरं. घरात एक माणूस आहे तिचे कान भरणारं. तिची हरकत फार मनावर घेऊ नका."

इतक्या सहज म्हणाला. खिशातला रुमाल काढावा तसं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मला विचारलं, आज वार कोणता. भूल उतरताना मी पेशंटला विचारायचे तोच प्रश्न. मी सांगितलं. "गुरुवार, वीस नोव्हेंबर. हे घरपट्टीचं ऑफिस, तिसरा मजला, लिफ्ट बंद आहे. माझ्या घराचा नंबर एक हजार सत्तेचाळीस. तीन खोल्या, व्हरांडा, मागे न्हाणीघर. आणखी विचारा."

त्यांनी अर्जाचं पान उलटलं. "सातवा रकाना. सध्या राहणारे. इथे लिहिलंय, अर्जदाराची आई, तात्पुरती. बरोबर आहे?"

"नाही."

"मग सांगा, मी दुरुस्त करून घेतो."

"मी. कायमची. माझी सून. माझी नात."

"आणि मुलगा?" पेन कागदावर टेकवून त्यांनी वर बघितलं. "नीट सांगा, बाई. मुलगा तुमच्याबरोबर राहत असेल, तर अर्ज लगेच रद्द करत नाही मी. घरातल्या घरात मिटवायला तीन महिने देतो आणि तोवर अर्ज उभा राहतो. राहत नसेल तर संमती मागे घेतली म्हणून आजच निकाली काढतो."

राजाने माझ्याकडे बघितलं. ओठ हलले नाहीत, पण काय मागतोय ते मला कळत होतं. मी त्याला आयुष्यात जे मागेल ते दिलंय. एक हो म्हणायचं होतं. तीन महिन्यांत त्याचं काही तरी सुटलं असतं, असंही मनात आलं. आणि त्याच तीन महिन्यांत सूनबाईचे खोके बांधलेले राहिले असते.

"मुलगा राहत नाही," मी म्हटलं. "तीन वर्षं झाली. तो आमचं घर सोडून गेलाय."

हे मी आजवर कोणालाही म्हटलं नव्हतं. साहेबांनी लिहून घेतलं, वाचून दाखवायला लागले. मी म्हटलं, द्या इकडे. चष्मा लावून अख्खं पान वाचलं आणि सही केली.

बाहेर जिन्यात राजा माझ्या मागोमाग आला. मला वाटलं ओरडेल. तो भिंतीला टेकला. मग विचारलं, "म्हणजे आता मी घरी यायचं नाही?"

"ये की. पण येण्याआधी सूनबाईला विचार."

"तिला?"

"तिलाच."

तो कठड्याला हात न लावता भरभर उतरत गेला, खालचं दार आपटल्याचा आवाज आला. रेकॉर्डवालीने खुर्ची आणून दिली, त्यावर बसले. बसल्यावर लक्षात आलं, जेवलास का, हे विचारायचं राहूनच गेलं.